सोमवारचा अटॅक आणि रविवारचा ओवा

"सोमवारी हार्ट अटॅक जास्त येतात" हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा आला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणीतरी लिहिलंच, "बॉसला फॉरवर्ड करा." मला या खेपेला हसू आलं नाही.

मेसेज खोटा नाही. आयर्लंड बेटावर २०१३ ते २०१८ मध्ये मोठ्या अटॅकने, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी बंद पडून दाखल झालेल्या १०,५२८ रुग्णांची नोंद तपासली, तर सोमवारचा आकडा अपेक्षेपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ साली, जर्मनीतल्या ऑग्सबुर्गचा अभ्यास आला होता. तिथे सोमवारचा धोका कामावर जाणाऱ्यांमध्ये ठळक वाढलेला दिसला, घरी असणाऱ्यांमध्ये नाही. बॉसवाले खूश! पण आयर्लंडमध्ये रविवारचा आकडाही अपेक्षेपेक्षा जास्तच होता, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. स्कॉटलंडच्या संशोधकांनी तर सुट्टीतल्या दारूकडे बोट दाखवलं. कुणी म्हणतं दोन दिवसांची जागरणं आणि मग सोमवारचा गजर.

आणि १३ टक्के म्हणजे किती? सातही दिवस सारखे असते तर शंभरातले साधारण १४ जण सोमवारी आले असते. ते १६ झाले. उरलेले ८४ जण इतर सहा वारीच आले.

आमच्या घरात मात्र वाराला फार महत्त्व. सांगलीच्या काकांना तीन वर्षांपूर्वी रविवारी दुपारी मटण जेवून उठल्यावर छातीत जळजळ सुरू झाली. डावा हात जड, कपाळावर घाम. निदान घरातच झालं : पित्त. ओवा-सैंधव झालं, सोडा झाला, काकूंनी पाठ चोळून दिली. "आज रविवार आहे, डॉक्टर कुठे भेटणार, सकाळी बघू." सकाळी चालत दवाखान्यात गेले, ईसीजी काढला आणि तिथूनच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं. दोन स्टेंट पडले. काका वाचले, पण हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त बाहेर ढकलण्याची ताकद, ३५ टक्क्यांवर आलंय. एक जिना चढले की बसावं लागतं. हॉस्पिटलच्या कागदावर दाखल झाल्याचा वार सोमवार. उद्या कुणी मोजणी केली तर काका सोमवारच्या खात्यात, आणि दुखणं रविवारी दुपारी दीडचं!

काकांना एकट्यांना काय बोलायचं? २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये देशातल्या ५० शहरांमधल्या वीस हजारांवर हृदयरुग्णांचा अभ्यास आला होता. दुखायला लागल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्णांना ज्याहून जास्त वेळ लागला तो आकडा, ३६० मिनिटं. सहा तास! दारात पोचल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला ५० मिनिटं. म्हणजे उशीर बहुतेक आपल्या दिवाणखान्यात होतो.

सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलात अडचण असते हे मान्य. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९९९ ते २००२ च्या अटॅकच्या रुग्णांमध्ये महिन्याभरातले मृत्यू शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांमध्ये १२.९ टक्के होते, इतर दिवशी १२. म्हणजे फरक होता, आणि त्याची लाज त्या व्यवस्थेला वाटायला हवी. पण या एका टक्क्याच्या भीतीने हृदयाचा स्नायू रात्रभर मरू द्यायचा, हा हिशेब मला कळत नाही. आणि "उगाच त्रास कशाला द्यायचा कुणाला" हा आपला सोज्वळपणा तर त्याहून कळत नाही.

मागच्या महिन्यात रविवारी रात्री काकांना परत छातीत दडपल्यासारखं झालं. काकूंनी ओव्याचा डबा उघडला नाही, थेट १०८ लावला. ईसीजी, रक्ताची तपासणी, सगळं ठीक. खरंच पित्त होतं. काका अजून भेटेल त्याला सांगतायत, बाराशे रुपये फुकट गेले. काकू शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलत असतात.