युरोपात भाड्याच्या गाडीचा खर्च 'निम्मा' करणारा तो फॉरवर्ड

सुट्ट्या जवळ आल्या की हा फॉरवर्ड ग्रुपाग्रुपांत फिरायला लागतो. झुरिकला गाडी घ्या, रोमला सोडा, चौघांना ट्रेनपेक्षा नेहमीच स्वस्त. इंटरनॅशनल परमिट लागत नाही, काउंटरवरचा इन्शुरन्स नाकारा कारण क्रेडिट कार्डावर असतोच, मॅपवर टोल टाळा, गाडी थेट हॉटेलच्या दारात न्या, दंड आला तरी भारतात कोण वसूल करणार, आणि डिझेल गाडीच घ्या. खाली 'खर्च निम्मा, गॅरंटी' आणि चार अंगठे.

गाडीने फिरायला माझा अजिबात विरोध नाही, मी स्वतः तसंच फिरतो. पण या मेसेजात जे खर्च मुळात किरकोळ आहेत ते चुकवायच्या युक्त्या आहेत आणि जे खिसा रिकामा करतात त्यांचा पत्ताच नाही, म्हणून एकेक घेतो.

"चौघांना नेहमीच स्वस्त." कोण चौघं? आईबाप आणि दोन शाळकरी मुलं असतील तर आईबापांच्या स्विस ट्रॅव्हल पासवर (स्वित्झर्लंडभर ट्रेनने फिरायचा पास) सहा ते पंधरा वर्षांची मुलं फॅमिली कार्डाने फुकट जातात, म्हणजे हिशोब दोन पासचा होतो, चार तिकिटांचा नाही, आणि फॉरवर्डवाल्याने चार धरलीयत. शिवाय तुम्ही जिथे जाणार तिथे गाडी पोचते का ते तरी बघा ना. झरमॅटला गाड्यांना बंदी आहे, टॅशला पार्क करून पुढे शटल ट्रेन. वेंगेन आणि म्युरेनचं तेच, गाडी खाली ठेवून वर ट्रेन नाहीतर केबलकारने. युंगफ्राउयोखला तर रस्ताच नाही, ट्रेनने जायचं. म्हणजे गाडीचं भाडं चालू, पार्किंगचं मीटर चालू आणि वर ट्रेनचं तिकीट आहेच.

चार मोठी माणसं असतील, आजीआजोबांना जिने चढणं नको असेल, इटलीतल्या टस्कनीत गावाबाहेर फार्महाउसवर राहायचं असेल, तर गाडी घ्याच. फक्त सगळ्यात स्वस्त कॅटेगरीतल्या गाडीत चार माणसं बसतात, चार मोठ्या बॅगा आणि लाडू-चिवड्याची पिशवी बसत नाही. मग काउंटरवर ऐनवेळी मोठी गाडी घ्यावी लागते आणि ती त्या दिवशी ते सांगतील त्या रेटला.

"झुरिकला घ्या, रोमला सोडा." सगळ्यात महागडा सल्ला हाच आणि फॉरवर्डमध्ये तो एका ओळीत उरकलाय. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की गाडी परत न्यायचा खर्च तुमच्यावर येतो, आणि ही ड्रॉप फी कधीकधी आठवड्याच्या भाड्याच्या जवळपास जाते. बुकिंगच्या पहिल्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा वेगळा असतो, ही फी बारीक अक्षरात 'काउंटरवर देय' म्हणून बसलेली असते. त्यापेक्षा स्वित्झर्लंडची गाडी स्वित्झर्लंडातच सोडा, लुगानोला म्हणा, तिथून ट्रेनने कोमो किंवा मिलान, मिलानहून फ्लॉरेन्स आणि रोम फास्ट ट्रेनने दोन-तीन तासांत होतं आणि या शहरांत गाडी नुसती लोढणं आहे. टस्कनी करायचं असेल तेवढ्या दोन-तीन दिवसांना फ्लॉरेन्सहून वेगळी गाडी घ्या आणि तिथेच परत करा.

जिनिव्हा एअरपोर्टची ट्रिक मात्र काही लोक सांगतात ती खरी आहे. तिथे एक फ्रेंच बाजू आहे आणि तिकडून घेतलेली गाडी बऱ्याचदा स्वस्त पडते. पण तिच्यावर स्विस मोटरवेचा विन्येट, म्हणजे मोटरवे वापरायची वार्षिक फी भरल्याचं स्टिकर, असेलच असं नाही, आणि परत करतानाही फ्रेंच बाजूलाच करायची, तिकडचा रस्ता वेगळा आहे तेव्हा फ्लाइटच्या दिवशी जरा आधी निघा.

"परमिट लागत नाही, आपलं लायसन्स इंग्लिशमध्येच असतं." ब्रिटनमध्ये आपल्या लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, स्वित्झर्लंडातही इंग्रजी लायसन्स चालून जातं, तेवढ्यावरून 'युरोपात चालतं' असं ठोकून दिलंय. इटलीत परमिट किंवा अधिकृत भाषांतर लागतंच. आपल्याकडे हे परमिट आरटीओ देतं, सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, सरकारी फी १००० रुपये, एक वर्ष चालतं. हजार रुपये वाचवायला इन्शुरन्स कंपनीच्या हातात क्लेम नाकारायचं आयतं कारण द्यायचं, यात कुठली आलीय बचत? काउंटरवाल्याने परमिट न बघता चावी दिली म्हणजे पोलीस आणि इन्शुरन्सवाले पण बघणार नाहीत असं नसतं.

"क्रेडिट कार्डावर इन्शुरन्स असतोच." आपल्या बँकांच्या बहुतेक कार्डांवर जे असतं ते विमान अपघाताचं नाहीतर हरवलेल्या बॅगेचं, भाड्याच्या गाडीचं नुकसान त्यात नसतं. स्वतःच्या कार्डाचं पत्रक काढून वाचा. युरोपात भाड्यामध्ये बेसिक कव्हर सहसा असतं, पण पहिले हजार-दोन हजार युरो तुमच्या खिशातून, यालाच एक्सेस म्हणतात, आणि काच, टायर, गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा त्यातूनही वगळलेला. काउंटरवरचं झिरो एक्सेस महाग असतं हे फॉरवर्डवाल्याचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याला पर्याय म्हणजे काहीच न घेणं नव्हे. बाहेरून वेगळी एक्सेस पॉलिसी स्वस्तात मिळते, फक्त ती भारतात राहणाऱ्याला लागू आहे का ते आधी बघायचं, आणि तीत पैसे आधी तुम्ही भरता, मग परत मिळतात.

डिपॉझिटचं तर मेसेजात नावच नाही. ती रक्कम कार्डावर ब्लॉक होते, आणि खूप ठिकाणी मेन ड्रायव्हरच्या नावाचं खरं क्रेडिट कार्डच लागतं. आपली मंडळी फॉरेक्स कार्ड घेऊन ऐटीत काउंटरवर जातात, तिथे ते प्रीपेड म्हणून नाकारतात, आणि मग एकतर त्यांचा फुल इन्शुरन्स घ्या नाहीतर गाडी नाही. लिमिट आधीच वाढवून घ्या. आणि मशीनने 'रुपयांत घेऊ का' विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच द्या, त्यांचा रुपयाचा रेट तुमच्या फायद्याचा नसतो.

"टोल टाळा." स्वित्झर्लंडात टोलनाके नाहीत, वार्षिक विन्येट आहे, ४० फ्रँक, आणि १६.९ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा पण त्यातच आला. स्विस कंपनीच्या गाडीला तो सहसा आधीच लावलेला असतो, म्हणजे टाळायला काही उरतच नाही. विन्येट नसताना मोटरवेवर सापडलात तर २०० फ्रँक दंड, वर विन्येटचे पैसे वेगळे. इटलीत टोल आहे, मान्य, पण मिलान ते फ्लॉरेन्स टोल टाळून गेलात तर अपेनाइन डोंगरातल्या वळणांमध्ये अर्धा दिवस जातो, मागे कोणाला तरी उलटी होते, आणि वाचलेल्या टोलमधला बराचसा भाग पेट्रोलमध्येच जातो. टोलवर एकच सांभाळा, पिवळ्या टेलिपास लेनमध्ये (आपल्या फास्टॅगसारखं यंत्र बसवलेल्या गाड्यांची लेन) घुसू नका.

"थेट हॉटेलच्या दारात न्या, दंड आला तरी भारतात कोण वसूल करणार." हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, रोम, सगळ्यांच्या जुन्या भागात झेडटीएल म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला झोन आहे, गेटवर कॅमेरे. बॅरियर नसतो, कोणी शिट्टी मारत नाही, त्यामुळे कळतच नाही. हॉटेल शोधत दोनदा आत शिरलात तर दोन नोटिसा. पोलीस गाडीच्या कंपनीकडे विचारणा करतात, कंपनी तुमचं नाव-पत्ता देते आणि तेवढ्या कामाची फी प्रत्येक नोटिशीमागे तुमच्याच कार्डावर लावते, दंड अजून यायचाच असतो. आणि परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवस आहेत, तेव्हा दिवाळीपर्यंत काही आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरलं तर ३० टक्के सूट मिळते. हॉटेल आत असेल तर आधी मेल करून नंबर रजिस्टर होतो का विचारा, नाहीतर गाडी बाहेर ठेवा. स्वित्झर्लंडात स्पीड सांभाळा, गावात मर्यादेच्या ६ ते १० किलोमीटर वर गेलात की १२० फ्रँक.

पार्किंगमध्ये वाचवता येतं पण रंग बघायचे. स्वित्झर्लंडातल्या निळ्या जागेत काचेमागे पार्किंगची चकती लावून कामाच्या दिवशी साधारण तासभर फुकट थांबता येतं. इटलीत निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे जाऊच नका. बॉर्डर ओलांडली की हे डोक्यात बदलायचं.

"डिझेलच घ्या." स्वित्झर्लंडात डिझेल साधारणपणे पेट्रोलपेक्षा महाग असतं, तेव्हा सरसकट सल्ला तिथेच बाद. कुठलंही घ्या पण मोटरवेवरच्या पंपावर भरू नका, खाली उतरून गावातल्या नाहीतर सुपरमार्केटच्या पंपावर भरा. इटलीत 'सेल्फ' आणि 'सर्विटो' असे दोन भाव असतात, माणसाने भरून दिलं की दर लिटरमागे जास्त जातात. नोझल बघून घ्या, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल, गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चुकीचं भरलं तर इन्शुरन्स सहसा हात वर करतो.

शेवटी फॉरवर्डमध्ये स्विस सीमेजवळच्या लिविन्यो या इटालियन गावात ड्यूटी-फ्री टाकी फुल करायचाही सल्ला आहे. तिथे इंधन स्वस्त आहे, खोटं नाही. पण झुरिककडून गेलात तर मुंत ला शेरा बोगदा लागतो, टोलचा आणि एकाच लेनचा, आळीपाळीने सोडतात, आणि छोट्या गाडीची टाकी असून असून किती, चाळीस-पंचेचाळीस लिटर. बोर्मिओ किंवा सेंट मॉरिट्झ तसंही करणार असाल तर भरा बिनधास्त, नुसतं त्यासाठी जाऊ नका.