‘हे शिंप्याचं काम आहे’ म्हणणाऱ्या दादांना

जालन्याचे दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहिलं होतं, पण रागाच्या भरात लिहिलेलं, म्हणून पुसून टाकलं. आता आठ दिवसांनी लिहितोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बैलाच्या खांद्यावर जुवाचा दाब किती पडतो हे मोजायला मी एक मऊ पट्टी केली आणि तिला थेट सोल्डर न करता टिचबटण आणि सुईदोऱ्याने वायर कशी जोडायची ते मागच्या लेखात लिहिलं. दादांचं म्हणणं असं : थेट सोल्डर करू नका हा सल्ला भित्र्याचा आहे. त्यांनी १३८ अंशांना वितळणारं बिस्मथचं सोल्डर घेऊन बाजारातल्या तयार सेन्सरच्या शेपटीला वायर लावली, ओढून पाहिली, हललीसुद्धा नाही. टिचबटण आणि सुईदोरा हे शिंप्याचं काम, इलेक्ट्रॉनिक्स नव्हे, आणि अशा जोडाचा रोध (विजेला होणारा अडथळा) आकडा बिघडवतो. आणि मी सुचवलेला ग्लू गनचा गोंद त्यांच्याकडे मे महिन्यात ओघळला.

गोंदाचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आणि माझं चूक. मी तो प्रयोग पौषात, घरात बसून केला होता. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२ च्या पुढे जातो, उन्हात पडलेली काळी पट्टी तर हाताला चटके देते. त्यात ती कांडी मऊ पडणारच. शिवाय सिलिकॉन रबराला हा गोंद मुळात धरतच नाही, गार झाला की नखाने सालीसारखा निघतो. लेखातला तो परिच्छेद काढून टाकलाय. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. फक्त काच-अॅल्युमिनियमच्या दुकानातून दिसेल ती नळी उचलू नका. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास सुटला तर त्यातून अॅसिटिक आम्ल निघतंय आणि ते तांब्याला खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेली नळी मागा.

आता सोल्डर. तुमच्या सेन्सरची शेपटी म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, आणि तिच्यावरची चंदेरी रेघ ही सलग चांदी नाही. चांदीची पूड प्लॅस्टिकच्या चिकात मिसळून छापलेली ती शाई आहे. ३५० अंशांचं टोक लावलं की फिल्म आकसते. १३८ च्या सोल्डरने ती वाचते, हे मान्य. पण वितळलेलं कथील चांदी स्वतःत विरघळवून घेतं. टोक दोन सेकंद जास्त टेकलं तर रेघ जागेवरच पातळ होते. वरून ते कथील-बिस्मथ ठिसूळ.

आणि तुम्ही ओढून पाहिलंत. दादा, बैल वायर ओढत नाही हो, मान हलवतो. प्रत्येक पावलाला पट्टी थोडी वाकते, थोडी सुटते. सोल्डरचा थेंब जिथे संपतो आणि मऊ फिल्म जिथे सुरू होते, त्या केसाएवढ्या जागेत सगळं वाकणं गोळा होतं. म्हणून जोड स्वतः शाबूत राहतो आणि त्याला लागून तुटतं. माझ्या पहिल्या तिन्ही पट्ट्या तिथेच गेल्या. वायरचंही तेच. बारीक तारांच्या वायरीत सोल्डर आत चढत जातं, तेवढा तुकडा काडीसारखा कडक होतो आणि काडी संपते तिथे तारा एकेक करून तुटतात. वरून आवरण धड दिसतं, आत काही नाही.

बोअरमध्ये मोटर सोडताना आपण काय करतो? भार पाइपावर आणि दोरावर. केबल ठिकठिकाणी पाइपाला बांधलेली, जरा सैल. केबलच्या जॉइंटवर मोटर टांगणाऱ्याला गाव वेड्यात काढील. पट्टीलाही तेच करायचं. सिलिकॉनच्या आवरणाची मऊ वायर घ्यायची, जोडाच्या अलीकडे दोन-तीन सेंटीमीटरवर कापडाला टाक्यांनी बांधायची आणि मधला तुकडा नागमोडी सैल सोडायचा. जोडावर एक लांब आणि त्यावर एक आखूड अशा दोन श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणाऱ्या नळ्या) चढवायच्या, म्हणजे कडकपणा एकदम न संपता पायरीपायरीने उतरतो. सोल्डर करायचंच तर ते टिचबटणाच्या वरच्या, वायरीकडच्या अर्ध्या भागावर, पट्टीपासून दूर, आणि गार झाल्यावर बटण लावायचं.

तेव्हा हे शिंप्याचं काम आहेच. ईसीजी काढताना छातीला चिकटवतात त्या चकत्यांवरही टिचबटणच असतं, तिथे कुणी नाक मुरडत नाही. माझ्या पट्टीत वीजवाहक कापडाच्या दोन थरांमध्ये वेलोस्टॅट, म्हणजे दाबल्यावर रोध कमी होणारं काळं पातळ प्लॅस्टिक आहे. तिचा रोध दाबाप्रमाणे हजारो ओहमवरून शेकड्यांपर्यंत उतरतो. स्वच्छ बटणाचा रोध एका ओहमच्याही खाली, तो त्यात कुठे दिसणार? तांब्याची चिकटपट्टी मात्र मी सोडून दिली, वाकून वाकून चिरते.

जोडाच्या रोधाचा तुमचा मुद्दा खरा ठरतो तो दुसरीकडे. सिलिकॉनच्या बारीक नळीत गॅलियम-इंडियम हा द्रवरूप धातू भरून ताण मोजतात, तिथे सगळ्या सेन्सरचाच रोध जेमतेम एक-दोन ओहम असतो. जोडातला पाव ओहमही आकडा नासवतो. तिथे चार वायरी लागतात, दोन प्रवाह द्यायला आणि दोन व्होल्टेज मोजायला. कल्पना जुनीच आहे. १९५३ मध्ये व्हिटनी या संशोधकांनी रबरी नळीत पारा भरून हातापायांच्या आकारातला फरक मोजला होता. गॅलियमजवळ अॅल्युमिनियम तेवढं येऊ देऊ नका, भुगा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांनी आमच्या देवणी जोडीची खांदेमळणी केली. हळद-तूप चोळून झाल्यावर माझी पट्टी खांद्यावर ठेवली आणि अर्ध्या तासात आकडे नाचायला लागले. तूप बटणाच्या फटीत शिरलं होतं. स्पिरिटने पुसलं तेव्हा ठिकाणावर आले. आता बटणाभोवती न्यूट्रल सिलिकॉनचं कडं घालतो. काका म्हणाले, सणाला तरी बैलाला सोड की रे.

तुमची १३८ वाली पट्टी अजून शाबूत असेल तर मल्टिमीटर लावून ठेवा आणि जोडाजवळ पेन्सिलीभोवती पाचशे वेळा वाकवा. कितव्या वेळेला आकडा उडाला ते इथेच लिहा. नाही उडाला तर तेही लिहा, मी लेख पुन्हा दुरुस्त करीन.