डीएनएसमास्क : ‘वर लिहिलेला सर्व्हर आधी’ हा समज चुकीचा

डीएनएसमास्क (dnsmasq) हा घरच्या राउटरवर किंवा लिनक्सवर चालणारा छोटा प्रोग्राम. एखाद्या साइटच्या नावाचा पत्ता काय, हा प्रश्न तो पुढे डीएनएस सर्व्हरकडे पाठवतो. ‘डीएनएसमास्कमध्ये पहिल्या ओळीत फिल्टरवाला (नको त्या साइट अडवणारा) सर्व्हर, दुसऱ्या ओळीत ८.८.८.८ (गूगलचा, फिल्टर नसलेला) लिहा, पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जातो,’ असा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि मुलांसाठी फिल्टर लावणाऱ्या घरांत त्याने खरे नुकसान होते.

मूळ सेटिंगमध्ये ओळींच्या क्रमाला काही अर्थ नसतो. डीएनएसमास्क अधूनमधून (दर ५० प्रश्नांनंतर किंवा काही सेकंदांनी) सगळ्या सर्व्हरना विचारतो आणि जो आधी उत्तर देतो त्याच्याकडे पुढचे प्रश्न पाठवतो. म्हणजे ८.८.८.८ वेगवान असेल, तर फिल्टर गुपचूप बाजूला पडतो. ‘ऑल-सर्व्हर्स’ (all-servers) हा पर्याय लावल्यास प्रत्येक प्रश्नाला हीच शर्यत.

क्रम हवा असेल तर ‘स्ट्रिक्ट-ऑर्डर’ (strict-order) लावा. पण पहिला सर्व्हर मेला, तर डीएनएसमास्क स्वतःहून पुढे जात नाही. संगणकाने तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावरच तो दुसऱ्याकडे वळतो. लिनक्सवर त्यासाठी सहसा ५ सेकंद जातात. ‘असे नाव नाही’ हे मात्र पूर्ण उत्तर मानले जाते, त्यावर दुसऱ्याला विचारलेच जात नाही. म्हणून ऑफिसची अंतर्गत नावे (जी फक्त ऑफिसच्या सर्व्हरला माहीत असतात) क्रमावर सोडू नका. त्या डोमेनसाठी सर्व्हरची वेगळी ओळ लिहा.

फिल्टर पक्का हवा असेल, तर दोन्ही सर्व्हर फिल्टरवालेच ठेवा, आणि ‘नो-रिझॉल्व्ह’ही (no-resolv) लावा, नाहीतर सिस्टिमच्या रिझॉल्व्ह फाइलमधले (/etc/resolv.conf) सर्व्हर यादीत येतात. बदलानंतर सेवा रीस्टार्ट करा, नुसत्या हॅंगअप सिग्नलने (SIGHUP) सेटिंगची मुख्य फाइल पुन्हा वाचली जात नाही. मग ‘लॉग-क्वेरीज’ (log-queries) लावून, नोंदींमध्ये प्रश्न कुठे जातो ते पाहा.