रक्त येत नाही म्हणजे हिरडी बरी असं नव्हे
'गांजाने दाह कमी होतो, म्हणजे हिरड्यांना तो बराच' हे एका लेखात वाचलेलं वाक्य खटकलं. हिरडी सुजते ती जंतूंशी झुंजताना. अमेरिकेतल्या लुइसव्हिल विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात गांजातल्या द्रव्यांनी रोगप्रतिकारक पेशींची हीच झुंज मंदावली. दाह शमवणारं आयएल-१० हे प्रथिन मात्र वाढलं. म्हणजे सूज, रक्त दिसत नाही, पण जंतू तिथेच! माणसांत बघायचं तर न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचे १९७२-७३ साली जन्मलेले लोक घ्या: तंबाखूचा परिणाम वेगळा काढूनही, ३२व्या वर्षी सतत गांजा ओढणाऱ्यांच्या दातांचा आधार जास्त सुटलेला.

म्हापशात दातांच्या दवाखान्यात मी मदतनीस आहे. किनाऱ्याकडची पोरं म्हणतात, 'रक्त नाही हो येत, फक्त दात हलतो.' ओढतोस का विचारलं तर आई शेजारी असेपर्यंत उत्तर 'नाही'.