आधी पैसे, मग माइल्स

विमान पाच तास उशिरा पोचलं की दोन-चार दिवसांत कंपनीची एक गोड मेल येते. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि सदिच्छा म्हणून खात्यात १०,००० माइल्स, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे कंपनीचे पॉइंट. खाली बटण असतं, ‘स्वीकारा’. बहुतेक जण खूश होऊन ते दाबून टाकतात. दाबण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्या उड्डाणाला कायद्याने रोख भरपाई किती लागू होते, आणि मेलच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय. तिथे ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ किंवा त्या अर्थाचं वाक्य असेल तर ही तडजोड आहे, आणि तीही कंपनीला परवडेल त्या भावात.

माइल्सची किंमत काढणं अवघड नाही. ज्या तारखेला जायचंय त्या तारखेचं रोख तिकीट बघा. तेच तिकीट माइल्सवर घेतल्यास जे कर आणि सरचार्ज खिशातून भरावे लागतात ते वजा करा आणि उरलेल्या रकमेला माइल्सने भागा. समजा रोख तिकीट ६,८०० रुपये आहे, आणि माइल्सवर ७,५०० माइल्स अधिक १,३०० रुपये लागतात. म्हणजे ५,५०० भागिले ७,५००, एका माइलला सुमारे ७३ पैसे. या भावाने १०,००० माइल्सचे झाले ७,३०० रुपये, तेही सीट मिळाली तर, माइल्सची मुदत संपली नाही तर, आणि कंपनीने मधल्या काळात दरपत्रक बदललं नाही तर. हे चलन कंपनी स्वतःच छापते आणि त्याचा भावही स्वतःच ठरवते.

आता दुसरी बाजू. युरोपियन युनियनचा नियम २६१/२००४ हा १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो, ३,५०० पर्यंत ४००, आणि त्यापुढे ६००. फ्रँकफर्ट, पॅरिस, ॲमस्टरडॅम, कुठूनही मुंबई किंवा दिल्ली ३,५०० च्या बरीच पुढे, म्हणजे माणशी ६०० युरो. युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तरी साठ हजार. चौघांचं कुटुंब असेल तर २,४०० युरो. ही रक्कम अंतरावर ठरते, तिकीट कितीला घेतलं याच्याशी तिचा संबंध नाही.

नियमाच्या मूळ मजकुरात ही भरपाई फक्त विमान रद्द झालं किंवा चढू दिलं नाही यासाठी होती. उशिरासाठी ती १९ नोव्हेंबर २००९ च्या युरोपीय न्यायालयाच्या स्टर्जन निकालामुळे मिळू लागली. अंतिम ठिकाणी तीन तास किंवा अधिक उशीर झाला की भरपाई. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांच्या दरम्यान असेल तर कंपनी रक्कम निम्मी करू शकते, म्हणजे ३०० युरो. पुष्कळ जण ६०० मागतात, ३०० आले की फसवलं म्हणून ओरडतात. आधी घड्याळ तपासा.

आणि घड्याळ कुठे थांबतं हे नीट समजून घ्या. चाकं धावपट्टीला टेकली म्हणजे विमान ‘पोचलं’ असं नाही. २०१४ च्या जर्मनविंग्ज निकालानुसार विमानाचा किमान एक दरवाजा उघडतो आणि प्रवाशांना उतरायची मुभा मिळते, ती पोचण्याची वेळ. वेळापत्रकात ०१:१० आहे, चाकं टेकली ०४:०५ ला, दरवाजा उघडला ०४:१४ ला. चाकांच्या हिशेबाने दोन तास पंचावन्न मिनिटं, दरवाज्याच्या हिशेबाने तीन तास चार मिनिटं. या नऊ मिनिटांवर ३०० युरो अवलंबून आहेत. दरवाजा उघडताना फोनवर वेळ दिसेल असा एक फोटो काढून ठेवा. फ्लाइटरडारसारख्या ॲपवर उतरल्याची वेळ मिळते, दरवाज्याची नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशेचा. युरोपियन युनियनमधून निघणारं कोणतंही विमान या नियमात येतं, कंपनी कुठलीही असो. युनियनमध्ये येणारं विमान मात्र कंपनी तिथली असेल तरच. लुफ्तान्साने मुंबईहून फ्रँकफर्टला जा किंवा परत या, दोन्हीकडे हक्क आहे. एअर इंडियाने फ्रँकफर्टहून दिल्लीला येताना आहे, जाताना नाही. एमिरेट्सने फ्रँकफर्ट–दुबई–मुंबई एकाच तिकिटावर असेल, पहिलं विमान रखडल्यामुळे दुबईचं पुढचं चुकलं आणि मुंबईला तीन तासांहून उशीर झाला, तरी हक्क आहे, कारण प्रवास युरोपातून सुरू झाला आणि २०१८ च्या वेगेनर निकालाप्रमाणे एका बुकिंगवरचे जोडप्रवास एकच उड्डाण धरले जातात. उलट दिशेला, मुंबई–दुबई–फ्रँकफर्ट, काही नाही. ‘रिटर्न तिकीट जर्मनीतून काढलं होतं’ हा युक्तिवादही चालत नाही. एमिरेट्सच्याच शेंकेल खटल्यात २००८ साली न्यायालयाने सांगितलं की परतीचा प्रवास हे वेगळं उड्डाण.

ब्रिटनने युनियन सोडल्यावर जवळपास हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला, रक्कम पौंडांत. लंडन–मुंबईला ५२० पौंड, तीन ते चार तासांच्या उशिराला २६०. ब्रिटिश एअरवेज किंवा व्हर्जिनने मुंबईहून लंडनला जातानाही हक्क आहे, एअर इंडियाने जाताना नाही, येताना आहे. कॅनडात जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही दिशांना तिथला नियम चालतो. मोठ्या कंपन्यांसाठी उशिराच्या तासांनुसार ४००, ७०० किंवा १,००० कॅनेडियन डॉलर. पण अर्ज वर्षाच्या आत हवा. अमेरिकेत उशिरासाठी अशी ठरलेली रोख भरपाई नाहीच.

आता माइल्सचा मुद्दा. युरोपीय नियमाचं कलम ७(३) स्पष्ट आहे. भरपाई रोख, बँक ट्रान्सफर किंवा चेकने द्यायची, आणि प्रवाशाने सही करून संमती दिली तरच व्हाउचर किंवा इतर सेवा. माइल्स या ‘इतर सेवा’ झाल्या. मग बटण दाबणं म्हणजे सही का? मार्च २०२४ मध्ये टॅप या पोर्तुगीज कंपनीच्या खटल्यात रिफंडच्या बाबतीत न्यायालयाने म्हटलं की स्पष्ट आणि पूर्ण माहिती दिलेली असेल, तर ऑनलाइन फॉर्म भरून व्हाउचर निवडणं हीसुद्धा सही केलेली संमतीच. तेव्हा ‘मी कुठे सही केली’ यावर विसंबू नका. उत्तरात दोन ओळी पुरतात: सदिच्छा म्हणून दिलेले माइल्स कलम ७ च्या भरपाईव्यतिरिक्त आहेत असं समजून स्वीकारतो, रोख भरपाईचा हक्क सोडत नाही. कंपनी मागे हटली तर समजा की ती भेट नव्हती.

माइल्सवर काढलेल्या तिकिटाला भरपाई नाही, असं काउंटरवरचे लोकसुद्धा ठामपणे सांगतात. कलम ३(३) वाचायला सांगा. फुकट किंवा जनतेला उपलब्ध नसलेल्या सवलतीत प्रवास करणाऱ्यांना नियम लागू नाही, पण फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे माइल्सच्या, योजनेतून दिलेल्या तिकिटांना लागू आहे, असं तिथेच लिहिलंय. हक्क प्रवास करणाऱ्याचा आहे, ज्याच्या खात्यातून माइल्स गेले त्याचा नाही. मुलाने आपल्या पॉइंटवर आईला बोलावलं आणि विमान रखडलं, तर पैसे आईचे.

पार्टनर कंपनीचं तिकीट असेल तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. एअर इंडियाच्या महाराजा क्लबचे पॉइंट वापरून लुफ्तान्साची सीट घेतली तर तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं. रोख भरपाई विमान चालवणाऱ्या कंपनीकडे मागायची. उशीर पाच तासांच्या वर गेला आणि तुम्ही जायचंच रद्द केलं, तर पॉइंट आणि भरलेले कर परत मिळवायला तिकीट देणाऱ्या योजनेकडे. दोन्हीकडे एकच अर्ज पाठवला की दोघंही तो एकमेकांकडे ढकलतात. दोन वेगळे अर्ज करा आणि पहिल्यात पॉइंटचा उल्लेखही करू नका.

दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवलं तर माइल्स बहुधा जमाच होत नाहीत, कारण नव्या तिकिटाचा बुकिंग क्लास, म्हणजे भाड्याची श्रेणी, वेगळा पडतो. त्यासाठी ‘ओरिजनल रूटिंग क्रेडिट’ या नावाने मागणी करायची, म्हणजे मूळ तिकिटावर जे मिळाले असते ते द्या. मूळ ई-तिकीट, नवं तिकीट आणि दोन्हीकडचे बोर्डिंग पास जोडायचे. ‘माझे माइल्स आले नाहीत’ एवढंच लिहिलं तर यंत्रातून ठरावीक नकार येतो.

नकाराची पत्रंही ठरलेली असतात. ‘तांत्रिक कारण, असाधारण परिस्थिती’, म्हणून भरपाई नाही. २००८ च्या वालेंटिन-हर्मान निकालापासून विमानातला नेहमीचा बिघाड हे असाधारण कारण धरलं जात नाही. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संपही नाही. पक्षी धडकणं, खराब हवामान, हवाई नियंत्रकांचे निर्बंध ही खरी असाधारण कारणं, आणि तिथेही शक्य ते सगळं केलं हे कंपनीने दाखवायचं. ‘ऑपरेशनल कारण’ लिहून आलं तर कोणतं, असं परत विचारा. आणि कारण कितीही असाधारण असलं तरी जेवण आणि हॉटेल चुकत नाही. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेच्या वेळचाही २०१३ चा निकाल तोच आहे.

देशांतर्गत प्रवासात मात्र हात आखडता घ्यावा लागतो. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ या नियमात निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं, म्हणजे मुंबई–गोवा किंवा पुणे–दिल्ली यात आले. सहा तासांच्या वर गेलं तर सहा तासांत दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड. रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेल. हे हॉटेल मागितल्याशिवाय फार क्वचित मिळतं.

रोख मिळते ती विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही तर. उड्डाण एक तासापर्यंतचं असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी ते. ‘जे कमी ते’ इथेच पॉइंटवालं तिकीट मार खातं, कारण त्यावर मूळ भाड्याच्या रकान्यात शून्य असतं. युरोपात अंतरावर रक्कम ठरते म्हणून पॉइंटवाला आणि पैसेवाला सारखेच, आपल्याकडे नाहीत. मला हा नियम सरळसरळ अन्यायकारक वाटतो. एजंटने बुकिंगमध्ये स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला असेल तर आणखी वाईट, कारण संपर्काचा तपशील नीट दिला नाही म्हणून भरपाई नाकारता येते.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कंपनीने सर्वाधिक फटका बसलेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची व्हाउचर्स जाहीर केली, नियमाच्या भरपाईशिवाय वेगळी. व्हाउचर असंच असायला हवं, वरचं. रिफंड क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच, ठेवायचा की खात्यात घ्यायचा हेही डीजीसीएच्या रिफंडच्या नियमानुसार प्रवाशाने ठरवायचं असतं, कंपनीने परस्पर नाही.

अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव, पीएनआर, तेरा आकडी ई-तिकीट नंबर, उड्डाण क्रमांक, तारीख, दरवाजा उघडल्याची वेळ, मागितलेली रक्कम आणि कलम, बँकेचा स्विफ्ट कोड. कहाणी नको. कमिशनवर काम करणाऱ्या क्लेम कंपन्या पाव ते निम्मा हिस्सा घेतात. पहिला नकार येईपर्यंत त्यांची गरज नाही. मुदत जर्मनीत तीन वर्षं, तीही वर्षअखेरीपासून मोजायची: मे २०२४ च्या उड्डाणाला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. इंग्लंडमध्ये सहा वर्षं.

या नियमांत न बसणारा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल, समजा मुंबई–दुबई, तर माँट्रियल करार, म्हणजे विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार, उरतो. भारत त्यात २००९ पासून आहे. तिथे ठरलेली रक्कम नाही, पावतीनिशी सिद्ध केलेलं नुकसान मिळतं, म्हणून हॉटेल, जेवण, टॅक्सी, चुकलेल्या वेगळ्या तिकिटाची पावती सगळं जपा. दावा दोन वर्षांत.

भारतात आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार. तिथून ‘क्लोज्ड’ असा शेरा आला तरी मार्ग संपत नाही. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर अर्ज ऑनलाइन होतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कोल्हापूरच्या प्रवाशाला त्यासाठी कंपनीच्या गुरुग्रामच्या पत्त्यावर खेटे घालावे लागत नाहीत.