दहा मिनिटांचं काम

गाडीचा एसी फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळतो तो, घरच्या घरी बदलायचा म्हणता? उत्तम विचार आहे. मग पहिली पायरी अशी, की निदान दोन वर्षं तो बदलायचा नाही.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात वर्षातून एकदा किंवा 10-15 हजार किलोमीटरला बदला, धुळीच्या भागात त्याहून लवकर, असं काहीबाही छापलेलं असतं. तुमचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला लागू नाही. हवा कमी येते अशी घरात कुरकुर सुरू झाली की ब्लोअर एकवरून दोनवर न्या. सहा महिन्यांनी तीनवर. चारवर पोचलात की मागच्या सीटवरचं ‘हळू चालव, हळू चालव’ ऐकू येईनासं होतं, ही जमेची बाजू. पावसाळ्यात वास मारायला लागला तर आरशाला सुगंधी बाटली टांगा. मोगऱ्याची घ्या. आठवड्याभरात मोगरा आणि ओलं पायपुसणं यांचं जे मिश्रण तयार होतं, ते बाजारात विकत मिळत नाही.

मुलगी गाडीत बसल्याबसल्या शिंकायला लागते? आइस्क्रीम बंद करा. परागकण वगैरे परदेशातल्या लोकांची दुखणी आहेत, त्यांच्याकडे वसंत ऋतू येतो. आपल्याकडे काय, नुसतं गाजर गवत. आता हे गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1955 साली आणि तेही पुण्यात, ही गोष्ट जाज्वल्य अभिमानाची आहे. बाहेरून मागवलेल्या गव्हातून आलं असं मानतात. आलं, रिकामे प्लॉट पाहिले, आवडले, राहिलं. त्याचे परागकण नाकात गेले की सर्दी, अंगाला लागले की खाज. पण तुम्ही गाडी रोज ज्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला लावता, तिथे कमरेएवढं वाढलेलं ते हिरवंगार काय आहे, याची चौकशी करायचं कारण नाही. सावली बरी पडते तिथे.

सर्व्हिसिंगला गाडी दिली की तिथला मुलगा एक काळाकुट्ट फिल्टर हातात घेऊन येईल आणि स्मशानातल्या आवाजात सांगेल, ‘सर, हा तुमच्या गाडीतला.’ माझा आणि त्या फिल्टरचा तीन वर्षांचा परिचय आहे. त्याचा डावा कोपरा दुमडलेला असून घडीत कडुनिंबाचं एक पान अडकलेलं आहे. दर वर्षी तेच पान. अस्सल मराठी माणूस इथे ‘राहू द्या, मी बघतो’ म्हणतो. बाकी साडेआठ हजारांच्या बिलावर तो मुकाट सही करतो, पण फिल्टरच्या ओळीतली मजुरी वाचवून बाहेर पडतो आणि घरी येईपर्यंत तिसऱ्यांदा हिशेब सांगून झालेला असतो.

आता खरेदी. स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन रुबाबात ‘एअर फिल्टर द्या’ म्हणा. तो इंजिनचा देईल. घरी आणा, बॉनेट उघडा, ‘हा इथे कसा बसेल’ यावर अर्धा तास विचार करा, मग परत जा. गाडीला दोन फिल्टर असतात: एक इंजिनाच्या फुप्फुसासाठी, दुसरा तुमच्या. पहिला आपण न चुकता बदलतो. इंजिन महाग आहे.

दुकानदार विचारेल, ‘साधा की कार्बनचा?’ इथे चेहऱ्यावर माहितीचा भाव आणावा. साधा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. परागकण बहुतेक 10 ते 100 मायक्रॉनचे, म्हणजे धुळीच्या दुनियेतले धष्टपुष्ट लोक, ते दारातच पकडले जातात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र त्याच्यातून बरेचसे निसटतात. कार्बनच्या थरात वास शोषला जातो, त्यामुळे पुढच्या टेम्पोचा धूर आत येताना निदान सभ्य होऊन येतो. कार्बन मोनॉक्साइडला दोन्ही फिल्टर सारखेच, त्याला कुणी अडवत नाही. हे सगळं ऐकून घ्या आणि ‘दोनशे रुपयांनी स्वस्त कुठला?’ असं विचारा.

मुहूर्त रविवारी सकाळी साडेनऊचा. त्या वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रेक्षक असतात. अवजारं भरपूर न्या: पान्यांचा संच, दोन पकडी, तीन स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च. यातलं बहुधा काहीच लागत नाही. बऱ्याच गाड्यांत डाव्या सीटसमोरचा कप्पा उघडायचा, दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडायचा, मागचं लांबट झाकण क्लिपा दाबून काढायचं, जुना ओढायचा, नवा सरकवायचा, एवढाच कार्यक्रम असतो. काही गाड्यांत तो पायाशी खालून उघडतो, तिथे शीर्षासनाचा सराव कामी येतो. पण हात हलवत पार्किंगमध्ये गेलात तर चौथ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर काका खाली कशाला येतील? पाना दिसल्याशिवाय ते चप्पल घालत नाहीत.

तर कप्पा. आधी तो रिकामा करावा लागतो, आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांच्या या कामातले दोन तास इथे जातात. कारण तो कप्पा नाही, ते घराण्याचं दप्तर आहे. 2016 पासूनची सगळी पीयूसी प्रमाणपत्रं, रबर बँडमध्ये, रबर बँड कागदांना चिकटलेला. विम्याचे सात कागद, त्यातला चालू कोणता ते कुणालाच माहीत नाही. फास्टॅग यायच्या आधीच्या टोलच्या पावत्या, ज्या ऑफिसात लावायच्या राहिल्या. गाडी घेतली त्या दिवशी सारसबागेतून आणलेली दुर्वांची जुडी, तिचा आता चहा पावडरीसारखा भुगा झालेला. तो टाकायचा नाही, निर्माल्य आहे; एका पुडीत बांधून परत तिथेच. वितळून पुन्हा गोठलेल्या चार गोळ्या, कागदासकट एकजीव. साखरेच्या पुड्या, टूथपिक, उलटीसाठी जपलेल्या पिशव्या. एका लग्नाची पत्रिका, पाकिटात पाचशे एक घातलेले. हे लग्न 2019 साली झालं आणि आपण पाकीट दिलं असं आपण त्या लोकांना आजवर ठणकावून सांगत आलो आहोत. या क्षणी तिसऱ्या मजल्यावरून हाक येईल, ‘अहो, झालं का?’ ‘होतंय!’ असं उत्तर द्या आणि पाकीट खिशात घाला.

कप्पा खाली आला. त्याच्या कडेला बारीक दोरी किंवा दांडी असते, ती आधी सोडवायची असते, हे ती तुटल्यावर कळतं.

झाकण काढा. आणि आता बघाच. वायपरखालच्या जाळीतून जे जे आत आलं, ते सगळं इथे मुक्कामाला आहे. गुलमोहोराच्या पाकळ्या, बारीक पानं, एक पतंग, दिवाळीतल्या फटाक्याची लाल चिंधी, आणि नशीब थोर असेल तर उंदराचं घरटं. पुण्यातल्या पार्किंगमधला उंदीर बॉनेटचा स्पंज कुरतडून गादी करतो आणि शेंगांची टरफलं अंथरतो. उंदीर येऊ नये म्हणून तुम्ही बॉनेटमध्ये टांगलेली तंबाखूची पुडीही तिथेच सापडेल, अर्धी. म्हणजे गेले कित्येक महिने तुम्ही आईला ‘काचा बंद कर, बाहेरची घाण हवा आत येते’ असं सांगून जी हवा खाऊ घालत होता, ती या खोलीतून येत होती.

ओशाळू नका. फोटो काढा. काळ्या जुन्याशेजारी पांढराशुभ्र नवा ठेवून सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, ‘आपण हे श्वासात घेतो!!’ अंगठे येतील. अमेरिकेतला मेहुणा लिहील, ‘आमच्याकडे सगळे घरीच करतात.’ त्याला उत्तर देऊ नका, तो मग इंजिन ऑइलवर येतो.

दरम्यान काका जुना फिल्टर हातात घेऊन म्हणतील, ‘टाकताय कशाला? चांगला आहे की!’ हा मोहाचा क्षण आहे, त्याला बळी पडा. फिल्टर भिंतीवर आपटा. दोन वर्षांची धूळ, वाऱ्याची दिशा बघून, शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसेल. मग पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घ्या, म्हणजे घड्यांना बारीक भोकं पडतात आणि हवा अगदी मोकळी येते. उरलीसुरली घाण नळाखाली धुवा. बऱ्याच फिल्टरच्या तंतूंवर बारीक कण ओढून धरण्यासाठी विजेचा भार दिलेला असतो आणि धुतल्यावर तो जातो, पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याचं दुःख कशाला? असा वाळवलेला फिल्टर नव्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवावा. लागतो कधीतरी.

आता नवा बसवायचा. त्याच्या कडेला बाण आहे. बाणाच्या शेजारी हवेची दिशा असं इंग्रजीत लिहिलंय. बाण हवा जाते तिकडे, एवढा साधा मामला, पण हवा जाते कुठे? काका म्हणतात वर, कारण गरम हवा वर जाते. वॉचमन म्हणतो खाली. तुम्ही म्हणता, आपल्याकडे हवा येते, म्हणजे बाण सीटकडे. बिचारी हवा काचेखालून शिरते, फिल्टरमधून ब्लोअरकडे ओढली जाते आणि तिथून एसीच्या थंड जाळीवर ढकलली जाते. ब्लोअर खाली असलेल्या गाडीत बाण खालीच. जुना काढतानाच त्याचा बाण बघून ठेवला असता तर ही संसदीय चर्चा टळली असती. पण जुना आत्ता दोरीवर वाळतोय. वॉचमन दहावी नापास आहे, म्हणून त्याचं म्हणणं बाजूला ठेवा आणि बहुमताने बाण वर करा. फिल्टर अडला तर दाबून बसवा. घड्या चुरगळल्या की कडेने फट राहते आणि धुळीला ये-जा करायला बरं पडतं.

झाकण लावताना एक क्लिप उरेल. ती खिशात, पाचशे एकच्या पाकिटाजवळ. तुटलेल्या दोरीच्या जागी सुतळी. सगळे कागद परत कप्प्यात कोंबा, एकही टाकू नका, आणि गुडघ्याने रेटून बंद करा.

संध्याकाळी सहकुटुंब चक्कर. कुणीही न विचारता सांगा, ‘बघा, फरक जाणवतो ना?’ एसी मात्र लावायचा नाही, पेट्रोल जातं. नुसता ब्लोअर, सवयीने चारवर, आणि चारही काचा खाली, कारण आज हवा छान आहे. चांदणी चौकाकडे वळताना पुढे खडीचा डंपर असेल. त्याच्या मागे मागे, त्याच्याच धुरात, नव्या फिल्टरचे पैसे वसूल करत जावं. पहिल्याच गतिरोधकावर सुतळी तुटते, कप्पा सौभाग्यवतींच्या मांडीवर उघडतो आणि ब्लोअरच्या झोतात 2016 पासूनची पीयूसी एकेक करून खिडकीतून बाहेर पडतात. पुढे उभ्या असलेल्या हवालदाराने एक झेलली आहे. तो गाडी बाजूला घ्यायला लावतो, मोबाइलवर नंबर टाकतो आणि तुमच्याकडे वाकून काहीतरी बोलतो.

‘काय म्हणालात?’

‘पीयूसी संपलंय म्हटलं, मार्चमध्येच. आणि तो पंखा बंद करा आधी, ऐकू येत नाहीये.’