शफालीला नशिबाची साथ?

भारताची महिला क्रिकेटपटू शफाली वर्मा हिच्यावरचा लेख आवडला, पण ‘सलामीवीर प्रतिका रावल जखमी झाली म्हणून शफालीचं नशीब उघडलं’ हे वाक्य मनाला लागलं. प्रतिकाच्या दुखापतीचं वाईट वाटलंच. संधी तिच्यामुळे मिळाली हे खरं. पण नवी मुंबईत झालेल्या २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७८ चेंडूंत ८७ धावा नशीब काढून देत नाही! वर ऑफस्पिन टाकून दक्षिण आफ्रिकेच्या सुने लुस आणि मारिझान काप यांचे बळी. काप बाद झाली तेव्हा आमच्या घरात आजीसुद्धा उभी राहिली होती.

त्याआधीचं, संघाबाहेरचं वर्ष लेखात आलंच नाही. २०२४ च्या जूनमध्ये चेन्नईत कसोटीत २०५ करणारी ही मुलगी त्याच वर्षी एकदिवसीय संघाबाहेर गेली. मग हरियाणाकडून खेळताना बंगालविरुद्ध १९७ ठोकले. ते किती जणांनी पाहिलं? रोहतकला मुलांमध्ये खेळता यावं म्हणून केस कापलेली ही पोर, पंधराव्या वर्षी भारताकडून खेळली. त्या अंतिम सामन्याच्या वेळी कुठे एकवीस पूर्ण झाली होती. एक-दोन मालिका वाईट गेल्या की लगेच वगळू नका तिला, एवढंच कळकळीनं म्हणणं आहे.